एकच केसपेपर

एकात्मिक उपचारांचा दवाखाना काढणं तसं अवघड नाही. एक मोठी जागा घ्यायची आणि दर्शनी भागात नावांची पाटी लावायची. एमडी मेडिसिन, एमडी आयुर्वेद, फिजिओथेरपिस्ट, योगशिक्षक, आहारतज्ज्ञ. पण आत गेल्यावर बऱ्याचदा दिसतं ते असं की, एका मजल्यावर पाच वेगवेगळे दवाखाने चालू आहेत. रुग्ण या दारातून त्या दारात जातो, प्रत्येक ठिकाणी आपलं दुखणं पहिल्यापासून सांगतो आणि संध्याकाळी पाच चिठ्ठ्या घेऊन घरी जातो. कुठली गोळी जेवणाआधी, काढा कधी, सांधा दुखत असताना व्यायाम करायचा की नाही, याचा मेळ घालायचं काम त्याच्याच गळ्यात पडतं. मी वैद्य म्हणून बरीच वर्षं अशा सामायिक दवाखान्यात काम करते आहे. एखादा दवाखाना खरंच एकत्र चालतो का, हे ओळखायची माझी खूण एकच आहे. एका रुग्णाचे केसपेपर किती, ते पाहायचं.

आमच्याकडे तो एकच असतो. रुग्णाची हकीकत एकदाच, पण सावकाश घेतली जाते. पुढे प्रत्येक जण आपापल्या तपासणीचं लिहितो. मी नाडी, जीभ, भूक आणि शौचाबद्दल लिहिते, डॉक्टर रिपोर्ट आणि निदान लिहितात, फिजिओ सांधा किती अंशांत वळतो ते लिहितात. सगळ्यात मोलाचं असतं ते मात्र शेवटचं पान. रुग्णाच्या पोटात जाणारं प्रत्येक औषध त्यावर असतं, मग ते कुणीही दिलेलं असो. त्याखाली कशासाठी उपचार चालू आहेत ते एका वाक्यात, या रुग्णाची जबाबदारी कोणाची ते नावानिशी, आणि कोणत्या तारखेला थांबून पुन्हा विचार करायचा तेही. तारीख लिहिण्याची शिस्त फार गरजेची आहे. गुण येत नसताना औषध चालूच ठेवण्याची सवय आम्हा सगळ्यांनाच असते आणि तिला ही तारीखच आवर घालते.

दोन शास्त्रं एकत्र आणण्याचा हा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच, 1948 मध्ये, चोप्रा समितीने भारतीय आणि पाश्चात्त्य वैद्यकाचा समन्वय करावा अशी शिफारस केली. त्याच सुमाराला आयुर्वेदाच्या महाविद्यालयांत ‘शुद्ध’ आणि ‘मिश्र’ असे दोन तट पडले. आयुर्वेद निर्भेळ शिकवावा असं एका बाजूचं म्हणणं, तर शवविच्छेदन, शरीरक्रिया आणि आधुनिक निदान त्यात यायलाच हवं असं दुसरीचं. मुंबई राज्यात पन्नाशीच्या दशकात शुद्ध आयुर्वेदाचा वेगळा अभ्यासक्रमही निघाला. या वादात दोन्हीकडे मोठी विद्वान माणसं होती. पण सगळी चर्चा एकाच वैद्याच्या डोक्यात दोन शास्त्रं कशी भरायची याभोवती फिरत राहिली. दोन शास्त्रांची दोन माणसं एका रुग्णासमोर शेजारी बसली तर काय होईल, हा विचार त्या मानाने मागे पडला. मला तोच जास्त फलदायी वाटतो. एका माणसाने दोन्हींत अर्धवट राहण्यापेक्षा दोघांनी आपापल्या शास्त्रात पक्कं असावं आणि एकमेकांचं ऐकायला शिकावं.

हे ऐकणं घडतं आठवड्याच्या बैठकीत. दुपारी ओपीडी बंद करून सगळे बसतात आणि अवघड रुग्णांचे कागद समोर घेतात. अशाच एका बैठकीतली गोष्ट. सातारा भागातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या. हाताच्या बोटांचे सांधे सुजलेले, सकाळी आखडलेले, रक्ततपासणीत आमच्या संधिवाततज्ज्ञांना हवा होता तो पुरावा स्पष्ट. त्यांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं होतं. मी माझ्या तपासणीत आमवात लिहिला होता, म्हणजे न पचलेला ‘आम’ सांध्यांत साठून होणारा वात. जिभेवर पांढरा थर, भूक मेलेली, अंग जड, सांधे गरम. घरी सूनबाई रोज दोन वेळा तेल कोमट करून हात रगडून देत होती, कारण वात म्हटलं की तेल, हे आपल्याकडे घरोघरी ठरलेलं असतं.

बैठकीत मी म्हटलं, ‘‘तेल बंद करू या. आम असताना स्नेहन नको, वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक देऊ.’’ फिजिओताई लगेच म्हणाल्या, ‘‘मीही तेच सांगणार होते. सांधा पेटलेला असताना रगडायचा नाही, जरा शांत झाला की व्यायाम घेऊ.’’ दोघींची कारणं निराळ्या पोथ्यांतली होती, पण बाईंच्या हातापुरता निर्णय एकच निघाला. मग संधिवाततज्ज्ञ सर म्हणाले, ‘‘मॅडम, तुमची सुंठ-एरंडेल चालू द्या, लंघनही चालेल, पण माझं औषध बाईंनी स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. आणि तुमचं ते अरिष्ट नको, यकृतावर आधीच भार आहे.’’ त्यांचं म्हणणं रास्त होतं. आसव-अरिष्टं आंबवून केलेली असतात, त्यांत मद्यार्क आपोआप तयार होतो आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने मद्यार्क टाळायचा असतो. अरिष्टाच्या जागी चूर्ण आलं.

गुण येतो आहे की नाही हे कशावर मोजायचं, यावर त्या दिवशी बराच वेळ गेला. सर सकाळचा आखडलेपणा मिनिटांत विचारतात, मी भूक आणि अंगाचा हलकेपणा विचारते. शेवटी बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘सकाळी कणीक मळता येत नाही, याचंच वाईट वाटतं.’’ तेव्हा शेवटच्या पानावर असं लिहिलं की, उठल्यापासून कणीक मळता येईपर्यंत किती वेळ जातो तो रोज टिपायचा. हे माप दोघांनाही चालणारं होतं आणि बाईंना तर ते आपलंच वाटत होतं. त्याच पानावर मेथोट्रेक्सेटपुढे लाल शाईने ‘फक्त रविवारी’ लिहून भोवती गोल केला होता. आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी चुकून रोज घेतली तर रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जाच दबते आणि जीव जाऊ शकतो. म्हणून हा गोल पाहिल्याशिवाय आमच्याकडे कोणीही, अगदी योगाच्या सरांनीही, बाईंना सोडायचं नाही असा नियम होता.

दोन उपचार एकत्र दिले म्हणजे दुप्पट गुण, ही समजूत रुग्णांची असते आणि कितीतरी डॉक्टरांचीही. कोइम्बतूरला याची एक नमुनेदार चाचणी झाली. संधिवाताच्या 43 रुग्णांचे तीन गट केले. एकाला मेथोट्रेक्सेट, दुसऱ्याला आयुर्वेदिक औषधं, तिसऱ्याला दोन्ही. कोणाला खरं औषध आणि कोणाला दिसायला तसंच पण निष्क्रिय, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. तरीही वैद्यांना प्रत्येक रुग्णाप्रमाणे औषध बदलायची मोकळीक ठेवली होती, आणि आयुर्वेदाच्या चाचणीत हे साधणं फार कठीण असतं. 36 आठवड्यांनी तिन्ही गटांतला गुण साधारण सारखा निघाला. फक्त आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्यांत दुष्परिणाम संख्येने कमी होते. 2011 मध्ये हे प्रसिद्ध झालं. चाचणी लहान होती, तिच्यावरून कोणाचं औषध बंद करता येणार नाही. पण दोन्ही घेणारे इतरांच्या फार पुढे गेले नाहीत, ही गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. आता दुसरं औषध घालताना मी आधी स्वतःला विचारते की, हे कशासाठी, पहिल्याने काय होत नाही म्हणून? उत्तर सुचलं नाही तर औषध लिहीत नाही.

शिवाय औषधं एकमेकांच्या वाटेतही येतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात आधुनिक औषधशास्त्राच्या मंडळींनी आयुर्वेदाचा अभ्यास फार आस्थेने केला. डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. उर्मिला थत्ते ही नावं मराठी वाचकांच्या ओळखीची आहेत. तिथूनच 1992 मध्ये एक महत्त्वाची नोंद प्रसिद्ध झाली. आकडीसाठी फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांच्या आकड्या आटोक्यात असताना पुन्हा सुरू झाल्या. शोध घेतला तर ते सोबत शंखपुष्पीचं सिरप घेत होते. उंदरांवर प्रयोग केले तेव्हा या सिरपमुळे रक्तातलं फेनिटॉइनचं प्रमाण घटत असल्याचं दिसलं. परीक्षेच्या दिवसांत मुलांना शंखपुष्पी देणारी कितीतरी घरं आपल्या आसपास आहेत, आणि त्यातल्या एखाद्या आईला हे ‘औषध’ म्हणून डॉक्टरांना सांगावंसं वाटणारच नाही. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही हृदयाची औषधं शरीरात कमी शोषली जातात, हेही केईएममधल्याच संशोधकांनी 1994 मध्ये दाखवलं. पिंपळीचं उलट आहे. तिच्यातलं पायपरिन काही औषधांचं शोषण वाढवतं. जम्मूच्या प्रयोगशाळेने याचाच उपयोग करून क्षयाच्या औषधात 450 मिलिग्रॅम रिफॅम्पिसिनचं काम 200 मिलिग्रॅममध्ये साधलं. म्हणजे पिंपळी असलेल्या आपल्या त्रिकटूत ताकद आहे, आणि ताकद आहे म्हणूनच ते कोणाला, कशाबरोबर द्यायचं याचा विचार करावा लागतो. ज्येष्ठमध घशाला गोड, पण बराच काळ घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांच्या बाबतीत मी तो टाळतेच. थायरॉइडची गोळी आणि इसबगोल यांत काही तासांचं अंतर ठेवायला सांगते.

या सगळ्यामुळे आमच्या दवाखान्यात प्रश्न विचारायची रीतच बदलली. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारलं की लोक बीपीची आणि शुगरची गोळी सांगतात. म्हणून आम्ही विचारतो, ‘‘सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोटात काय काय जातं, सांगा बरं.’’ मग गुळवेलीचा काढा निघतो, शेजारच्या काकूंनी दिलेली भुकटी निघते, व्हॉट्सअॅपवर वाचून सुरू केलेला कारल्याचा रस निघतो. करोनाच्या काळात गुळवेल घरोघरी उकळली जात होती. त्याच वर्षी, 2020 च्या अखेरीस, मुंबईच्या यकृततज्ज्ञांना सहा रुग्णांत यकृताला सूज आढळली. सगळे गुळवेल घेत होते. त्यावर आयुष मंत्रालयाने म्हटलं की, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झालेली असू शकते. तो वाद रंगला आणि दोन्ही बाजूंनी आवाज चढले. आमच्या बैठकीत मात्र निर्णय पटकन झाला. वनस्पती ओळखीच्या ठिकाणचीच घ्यायची, महिनोन् महिने घ्यायची नाही, आणि कावीळ किंवा गडद लघवी दिसली की काढा बंद करून त्याच दिवशी एसजीपीटी ही यकृताची तपासणी करायची. गुळवेलीवर माझी श्रद्धा आहे. तरी ही तपासणी मला अपमानाची वाटत नाही.

कोणी काय करायचं नाही, हेही ठरलेलं असावं लागतं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की, ज्या पद्धतीचं शिक्षण आणि नोंदणी नाही त्या पद्धतीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा होय. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली होती आणि रुग्ण दगावला होता. त्यानंतर राज्याराज्यांत कायदे बदलत गेले, सवलती आल्या, त्यांवर आंदोलनं झाली. माझी भूमिका साधी आहे. पॅसेजच्या पलीकडे एमडी बसलेले असताना मी अँटिबायोटिक लिहिण्याचं काहीच कारण नाही. आणि तेही भगंदराच्या रुग्णाला थेट शस्त्रक्रियेला न पाठवता आधी आमच्या शल्यतंत्राच्या वैद्यांकडे पाठवतात. त्यामागे भिडेपेक्षा पुरावा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षारसूत्र (भगंदरात बांधायचा औषधी दोरा) आणि शस्त्रक्रिया यांची अनेक केंद्रांवर तुलना करून 1991 मध्ये निष्कर्ष छापले. क्षारसूत्राने जखम भरायला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण भगंदर पुन्हा होण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर 11 टक्के आणि क्षारसूत्रानंतर 4 टक्के होतं. हे दोन्ही आकडे रुग्णापुढे ठेवायचे आणि त्याला निवडू द्यायचं. लवकर कामावर हजर व्हावं लागणारा माणूस एक निवडतो, पुन्हा त्या दुखण्याला धास्तावलेला दुसरं.

पैशांबद्दलही उघड बोलायला हवं, कारण चांगल्या हेतूने काढलेले दवाखाने इथेच मोडतात. प्रत्येकाची कमाई त्याच्या रुग्णसंख्येवर असेल तर कोणीही रुग्ण सोडत नाही. वैद्याला पंचकर्म वाढवावंसं वाटतं, डॉक्टरला तपासण्या, फिजिओला बैठका. बैठकीच्या तासाला तर कोणीच पैसे देत नाही. आमच्याकडे फी एकत्र जमा होते आणि ठरलेल्या वाट्याने सगळ्यांना मिळते. बैठकीचा तास त्यात धरलेला असतो. विमा कंपन्यांनी आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने धरावं, असं विमा नियामकाने 2024 मध्ये सांगितलं ते चांगलंच झालं. पण विमा प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्यासाठी असतो. पाच जणांनी तासभर बसून कागदावरची दोन औषधं कमी केली, याचं बिल कुठल्या रकान्यात घालणार?

असं काम मोठ्या प्रमाणावर आणि गरिबांसाठी होऊ शकतं का, या प्रश्नाचं मला मिळालेलं सर्वांत समाधानकारक उत्तर केरळच्या कासरगोडमध्ये आहे. तिथे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. एस. आर. नरहरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी सुरू केली. ऑक्सफर्डचे त्वचारोगतज्ज्ञ टेरेन्स रायन यांनीही पुढे त्यांना साथ दिली. त्यांनी हाती घेतला तो हत्तीपाय. डासांतून शिरलेले जंतू लसीकावाहिन्यांत राहून त्या निकामी करतात आणि पाय सुजत जातो. जंतू मारणारी औषधं आहेत, पण एकदा खांबासारखा झालेला पाय त्यांनी मूळपदावर येत नाही. त्यामुळे अशा रुग्णांना ‘आता याच्यासह जगा’ असं सांगून परत पाठवलं जाई.

कासरगोडला आधुनिक डॉक्टर, वैद्य, योगशिक्षक आणि परिचारिका एकत्र बसले आणि प्रत्येकाने आपल्या शास्त्रात या पायाला काय आहे ते मांडलं. ब्राझीलच्या रेसिफे शहरात जेरुझा ड्रायर यांनी दाखवून दिलं होतं की, पाय वारंवार लाल होऊन ताप येतो तो बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून शिरलेल्या जिवाणूंमुळे, आणि दर तापागणिक सूज वाढत जाते. म्हणून पहिलं काम पाय धुण्याचं. साबणाने धुवायचा, बेचक्या अगदी कोरड्या करायच्या, मग औषधी वनस्पतींच्या फांटात, म्हणजे गरम पाण्यातल्या अर्कात, सुमारे वीस मिनिटं बुडवून ठेवायचा. त्यानंतर योगासनं आणि श्वास, कारण खोल श्वासाने छातीतली मुख्य लसीकावाहिनी रिकामी व्हायला मदत होते. मग हलक्या हाताने मसाज, आणि शेवटी पायाच्या बोटांपासून वर दाब देत बांधलेली पट्टी. पट्टीआधी पायाचा रक्तपुरवठा आणि हृदय ठीक आहे ना हे डॉक्टर पाहतात, कारण नको त्या पायावर दाब दिला तर पायच गमवायची वेळ येते. ताप आणि लाली असेल तर मसाज आणि पट्टी दोन्ही बंद, आधी अँटिबायोटिक. हे सगळं रुग्णाला आणि घरच्या एका माणसाला शिकवून घरी पाठवायचं. कलबुर्गी आणि अलप्पुळा या जिल्ह्यांत ही पद्धत गावपातळीवरही करून पाहिली गेली.

वैद्य म्हणून मला यात दोन गोष्टी भिडतात. सुश्रुताने श्लीपद, म्हणजे हत्तीपाय, सांगताना म्हटलं आहे की, जुनं साठलेलं पाणी जिथे फार, त्या प्रदेशांत हा रोग विशेष होतो. पॅट्रिक मॅन्सनने 1877 मध्ये डास आणि हत्तीरोगाचं नातं उलगडलं, त्याच्या कितीतरी शतकं आधीचं हे निरीक्षण आहे. आणि त्याच सुश्रुतात श्लीपदासाठी सिरावेध, म्हणजे शीर टोचून रक्त काढणं, हेही आहे. आज लसीकेचे जाणकार सुजलेल्या पायाला साधी सुई टोचणंही टाळायला सांगतात, कारण तेवढ्या छिद्रातूनही जिवाणू शिरतात. इथे वैद्याने ग्रंथ आदराने मिटून ठेवावा असं मला वाटतं. शेजारी डॉक्टर बसलेला असला की हे करणं सोपं जातं.

हत्तीरोग महाराष्ट्रात मुख्यतः विदर्भात आहे. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत सामुदायिक गोळ्यांच्या मोहिमा निघत आल्या आहेत, आणि ज्यांचा पाय आधीच सुजला आहे त्यांना आरोग्य विभाग टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असा संच देऊन पाय धुवायला शिकवतो. पाय धुणं म्हणजे कासरगोडच्या पद्धतीतली पहिली पायरी तिथे पोचलेली आहे. त्याच जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यांतून आयुषचे वैद्यही नेमलेले आहेत. त्यांच्या खोलीत काढ्याची पाकिटं असतात आणि पलीकडच्या खोलीत पट्टी बांधता येणारी परिचारिका असते. या दोघांना आठवड्यातून एक दुपार एकत्र बसवायची, योगशिक्षक बोलवायचा, आणि हत्तीपायाच्या प्रत्येक रुग्णाचा एकच केसपेपर करून त्यावर पायाचा घेर दर महिन्याला टेपने मोजून लिहायचा. यासाठी नवी इमारत लागत नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचं एक पत्र लागतं, आणि त्या दुपारच्या ओपीडीला दुसरा कोणीतरी.